रेघेखालचा आवाज

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयातील सहकारी मंडळी आणि डोळ्यांऐवजी कानांनी पुस्तकं वाचणाऱ्या माझ्या वाचकमित्रांनो, आपणा सर्वांना नमस्कार.

निरोप तुमच्यासाठी पुस्तकं वाचणाऱ्या वाचनताईंना आणि भाषण त्यांच्या नवऱ्याचं, हा काय प्रकार, असं आपल्याला वाटलं असेल. भाषण तिनंच करायचं होतं. पण डॉक्टरांनी तिला अवाक्षर काढायला बंदी केली आहे. परवा घशाची शस्त्रक्रिया आहे, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. आमच्या घरात बोलायचं खातं कायम तिच्याकडे, मी हुंकारापुरता. आता बघा, तिकडून हातानं खुणावतेय, 'आवरतं घ्या' म्हणून!

मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. ग्रंथालयाचा जिना हिला चढवेना, तेव्हा हातातलं शेवटचं पुस्तक घरीच वाचून ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. मी एक जुना संगणक आणला, कपड्यांच्या कपाटात माइक टांगला, भोवती रजया लावल्या. इथले ध्वनिमुद्रक फोनवरून शिकवत होते. पडद्यावर आवाजाच्या पातळीची एक रेघ ठरवायची. तिच्याखालचा आवाज म्हणजे कचरा, तो संगणक आपोआप झाडून टाकतो. फ्रीजची घरघर, नळाची टिपटिप, सगळं साफ! मी ऐटीत हिला म्हटलं, "तू फक्त वाच. बाकी सगळं आपोआप."

पुढे वाक्यांची शेपटं गायब व्हायला लागली. "अहो, शेवटचे शब्द कुठं गेले?" हिनं विचारलं. मी संगणकावर डाफरलो, वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या. मग ध्वनिमुद्रकांनी फाइल ऐकली आणि म्हणाले, "काका, संगणक ठीक आहे. काकूंचा आवाज रेघेखाली जातोय."

ज्या आवाजावर तुम्ही जीव टाकलात, तो माझ्या घरात फ्रीजच्या घरघरीबरोबर झाडला जात होता.

मी रेघ खाली आणली. फ्रीज ऐकू यायला लागला. तो बंद ठेवला, दूध नासलं, नासू दे म्हटलं. तिचा आवाज आणखी उतरला. रेघ आणखी खाली, तर भिंतीवरची घड्याळं आत शिरली. जन्मभर लोकांची बंद घड्याळं चालू केली, आणि घरातली चालू घड्याळं मी खुर्चीवर चढून एकेक करून थांबवली. ही हसली. म्हणाली, "आता जेवायची वेळ कशी कळणार?"

शेवटी घरात एकच आवाज उरला, संगणकाच्या पंख्याचा. तो आणि ती अगदी एका पातळीवर आले. पंखा बंद करावा तर संगणक तापून बंद पडतो. रेघ ठेवावी तर ही जाते. मित्रहो, हातात पेचकस घेऊन मी त्या खोक्यासमोर नुसता बसून राहिलो. केसाएवढी स्प्रिंग सरळ करणारे हे हात, पण इथं करण्यासारखं काही नव्हतंच.

हिनंच माझ्या खांद्यावर थोपटलं. "रेघ काढून टाका," म्हणाली, "ऐकतील ते." मी काढली. पुस्तक तिनं पुरं केलं.

ग्रंथालयानं तिला इतका मान दिला, आपण एवढ्या लांबून आलात, मी ऋणी आहे. बोलायची सवय नाही, काही कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला. शेवटचं पान मी सोबत आणलंय, ते आता लावतो. त्यात मागे पंखा घरघरतो, तो मला काढता आला नाही, तेवढी माफी असावी.

आणि दारापाशी कुणी असेल त्यांनी कृपया सभागृहातले पंखे बंद करावेत. थोडं उकडेल. पण त्याशिवाय ती ऐकू येणार नाही.