पेटीतला समुद्र आणि परवाचा गुरुवार

आकुर्डीला रॉकेलच्या रांगेत गोजाबाई डबा पायाशी ठेवून उभी होती. पुढे कंपनीतले विलास आणि ज्ञानदेव बोलत होते.

“वर माशांची काचेची पेटी, खाली पिंप. पेटीतलं जादा पाणी पिंपात उतरणार, वाळूतून गाळणार, अन् पंप ते परत वर चढवणार.”

“पण खारं पाणी कुठलं, विलासराव?”

“बायको उद्या देवगडहून आणतेय. पाच कॅन पाणी अन् चार मासे. म्हणालीय, मागच्यासारखे हेही मेले तर पेटीत तुमचे कपडे ठेवीन.”

“पंपाचा पाइप पेटीत कुठवर?”

“पार तळापर्यंत!”

गोजाबाईला राहवेना. “लेकरा, परवा गुरवार. दर गुरवारी लाइट जाती, तवा काय?”

“पंप थांबेल, मावशी. मासे धरतील दम.”

“मासं धरत्याल. पाणी धरंल का? त्ये बघ.”

दुकानदाराच्या नळीतून बॅरलमधलं रॉकेल आपसूक खालच्या डब्यात उतरत होतं.

“तितं कुठला पंप हाय?”

“आयला! पंप थांबला की त्याच पाइपातून पेटी सगळी पिंपात रिकामी होणार!”

“अन् पिंप भरून वाहणार खालच्या घरमालकिणीच्या घरात, राव!”

डबा भरला. दुकानदाराने बॅरलमधलं टोक वर उचललं. नळीत हवा शिरली, धार तुटली.

“ज्ञानदेव, भोक! पेटीतल्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरणार. मावशी, माझा डबा बघाल?”

गोजाबाईने त्याचा डबा पायाने पुढे सरकवला.

“बघते. पळ तू. कपड्यांपरीस मासंच बरं दिसत्याल पेटीत.”