ऐकणं चार, बोलणं एक

इंग्रजीची पातळी ठरवणारी परीक्षा देऊन नळदुरुस्तीवाला बाकावर निकालाची वाट बघत बसला होता. शेजारी एक सासू आणि तिची सून येऊन टेकल्या. सासूच्या हातात निकालाचा कागद होता.

"आई, या परीक्षावाल्यांची काहीतरी चूक झालीय. बोलण्यात पहिली पातळी, ते ठीक आहे. पण ऐकण्यात चौथी?"

"चूक कशाला होईल? हेडफोन लावला, ऐकलं, खुणा केल्या."

"अहो, चौथी म्हणजे सगळंच समजतं!"

"सगळं नाही. तुम्ही दोघं भरभर बोलता तेव्हा थोडं निसटतं."

"आम्ही दोघं?"

"जेवताना बोलता ना, मला कळू नये म्हणून. अकरा वर्षं रोज शिकवणीच झाली माझी."

नळदुरुस्तीवाला उगाच आपल्या चपलांकडे बघू लागला.

"म्हणजे... रविवारचंही?"

"माझी खोली रिकामी करून मला धाकट्या लेकीकडे पाठवायचं? हो."

"आई, ते काही ठरलं नव्हतं."

"माहीत आहे. तू नको म्हणालीस, तेही ऐकलं. दोनदा म्हणालीस."

"मग तुम्ही का नाही काही बोललात?"

"बोलणं पहिलीतच आहे ना माझं! म्हणून तर वर्गात नाव घालायला आलेय. लेक इंग्रजीत ठरवतो, त्याला इंग्रजीतच उत्तर देईन म्हणते."

"पण सहा महिने तरी लागतील, आई."

"लागू देत. तोवर तू नको म्हणत राहा."