मेव्हणा जाळीत शिरला

आमच्या पुण्याच्या मेव्हण्यानं नवाच खेळ आणला राव. नदीकाठच्या झाडीत डबा लपवायचा, चिठ्ठीवर खूण लिहायची, शोधणाऱ्यानं डब्यातला शिक्का हातावर मारून घ्यायचा.

मी डबा करवंदीच्या जाळीत ठेवला आन् लिहिलं, "वडाखालच्या जाळीत शिर."

त्याच वडाखाली बिबट्यासाठी पिंजरा लावला व्हता. पुण्यात जाळी म्हंजी लोखंडाचीच! शिरला की आत, अन् धाडकन दार पडलं. शेजारच्या कप्प्यातली शेळी गप, आन् हा बोंबलतोय.

फोन केल्यावर वनखात्याचा माणूस आला. मी म्हणलं, "भाऊ, सोडा त्याला."

"पकडला तिथंच सोडायचा नसतो. भीमाशंकरला सोडू का?"

म्हणलं, "आजून लांब बघा. हा पुण्यातनं दर रविवारी परत येतो."