नर्मदाबाईंना श्रवणयंत्र नको

— नाही, धनश्रीताई, माझा शब्द प्रमाण माना: नर्मदाबाईंना श्रवणयंत्राची आवश्यकता नाही. तुमची संस्था परभणीहून ताडकळसला येते, वृद्धांना मंदिरात रांगेने बसवते, कानात यंत्र घालून छायाचित्र काढते — उत्तम! पण ऐकू आल्यावर त्या माणसाने ऐकायचे काय, हे कोणी विचारले? कोणीही नाही. परोपकाराचेही शास्त्र असते, ताई; मी शाळा चौथीत सोडली, तरी वाचून एवढे जाणतो. माझे यंत्र? ते बिघडले. नवी वस्तू घरात आली म्हणून महानंदेने, आमच्या सूनबाईने, त्याला विभूती लावली, ती छिद्रात गेली — गावातली निम्मी यंत्रे अशीच मुकी झाली आहेत. — काय? मग तुमचे बोलणे कसे ऐकू येते? ... चालते आहे. आज कानात आहे. एरवी डबीत असते.

कारण सांगतो. मी रोज सायंकाळी या ओसरीवर मोठ्याने इतिहास वाचतो, घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी. सध्या रोमन साम्राज्य चालू आहे. यंत्र लावले त्या संध्याकाळी प्रथमच कळले, की मी वाचत असताना आत टीव्ही चालतो. आणि बसवेश्वर, माझा चिरंजीव, म्हणतो, "वाचू द्या की अप्पाला, आपल्याला कुठं ऐकायचं हाय!" त्यावर महानंदा — "लय झोप यायलीय बगा त्या आवाजानं!" — असो. मी दुसऱ्या दिवशी यंत्र काढले आणि वाचन पुढे चालू ठेवले.

नर्मदाबाई मात्र निराळ्या. समोरच्याच घरातून येतात, एक दिवस चुकत नाहीत, वाक्यावाक्याला मान हलवतात. सम्राट मेला तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले. — हो, त्यांना काहीही ऐकू येत नाही, हे मला पूर्ण ठाऊक आहे. म्हणूनच तर — म्हणजे, जिथे सारे सुरळीत चालले आहे, तिथे संस्थेने हात घालू नये, इतकेच.

त्या पाहा, आल्याच. या बाई, टेका. "सम्राटाने सेनापतीस पाचारण केले आणि" — का हो? मान का हलत नाही आज? ... कानात काय आहे ते? — धनश्रीताई, तुम्ही आधी त्यांच्याकडे जाऊन आलात? हे मला अगोदर सांगायचे.

...

बरे. बाई, रोम राहू द्या. तुम्हांला काय ऐकायचे आहे? — आपल्या ताडकळसचे? नाही बाई, एवढ्या जाड ग्रंथात ताडकळस कुठेच नाही. — मी सांगू? तोंडी? ... थांबा, चष्मा काढतो.

धनश्रीताई, तुम्ही निघा आता. आणि जाता जाता आत तेवढा टीव्ही बंद करायला सांगा.