विषाणूची एकच खेप

मांडव्याच्या जेटीवर बोटीच्या रांगेत क्षिप्राच्या पुढे एक जोडपं उभं होतं. काळा चष्मा लावलेल्या नवऱ्याने बायकोचं कोपर घट्ट धरलं होतं. क्षिप्राने हळूच कानातलं गाणं बंद केलं.

"कमळ, डॉक्टर माझ्या डोळ्यात विषाणू सोडणार, आणि तू हसतेस?"

"त्याच्यातला रोग काढून टाकलाय. जन्म ट्रकवर काढलात ना? तो नुसता टेम्पो समजा. आत जीन दुरुस्त करायची अवजारं भरलीत."

"माल उतरवून परत येतो?"

"न्हाय. आणि खेप एकच. दुसऱ्यांदा आपलं शरीर त्याला ओळखतं, फाटकातच अडवतं."

"बरोबर करतं."

"तुमी माझ्या भावाला अडवता तसं."

"त्याचं नाव काढू नको. पलीकडे गेटवेला गाडी घेऊन कोण येणार हाय?"

"तोच."

बोट मांडव्याच्या धक्क्याला लागली, तसा नवरा बायकोच्या आधाराने चाचपडत पुढे सरकला.

"जाताना मला तो दिसणार न्हाय, तेवढं बरं हाय."

"येताना दिसंल."