खडूची रेघ

सून : आई, मला एवढंच सांगा, कालपासून माझ्या मोटरसायकलला कोणी हात लावलाय का?

सासू : आधी कोपर दाखव. खरचटलंय का? शेजारणीच्या कुंड्या फुटल्या तर फुटल्या, तू धड आहेस ना?

सून : मी धड आहे. पण पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही हो! लोण्यावरून जावी तशी सरकत गेली. सावकाश होते म्हणून कुंड्यांवर निभावलं.

सासू : असं कसं होईल? आज सकाळीच तर मी तिला तेल घातलं.

सून : काय घातलं?

सासू : तेल गं. माझ्या शिलाई मशीनचं. किती दिवस झाले, तू गाडी आत घेतलीस की चाक करकरायचं. ऐकवत नव्हतं. म्हटलं, आज पोरीची परीक्षा, चारचौघांत गाडीनं रडायला नको. त्या भोकाभोकांच्या तबकडीवर छान गोल फिरवून सोडलं. बघ, आता आवाज येतोय का!

सून : नाही येत. आणि गाडी थांबतही नाही.

सासू : म्हणजे?

सून : अहो आई, गाडीत सगळीकडे तेल चालेल, फक्त तिथे नाही. ती तबकडी दोन पॅडच्या मध्ये फिरते. ब्रेक दाबला की दोन्ही पॅड तिला चिमट्यात धरतात. घासलं तरच चाक थांबतं. तुम्ही चिमटाच बुळबुळीत करून ठेवलात.

सासू : अगं बाई गं.

सून : आणि ती करकर होती ना, ती पॅड संपल्याची ओरड होती. मलाही कळत होतं. नवे पॅड आणून कपाटात ठेवलेत. म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग हे आले की बदलून देतील.

सासू : म्हणजे गाडी बिचारी ओरडून सांगत होती, तू कानाडोळा केलास आणि मी तिचं तोंडच दाबलं.

सून : हो. दोघींनी मिळून.

सासू : मग आता? मेस्त्रीकडे ने ना.

सून : गॅरेजला कुलूप आहे, त्याच्या भाचीचं लग्न. यांचा फोन लागत नाही, बोगद्याच्या कामावर रेंज कुठली? आणि परीक्षा दुपारी. आज नाही दिली तर पुढच्या वर्षी.

सासू : पुढच्या वर्षी देता येईल की.

सून : नाही आई. कामावर खोक्यांना चिकटपट्ट्या लावून लावून माझा जीव विटलाय. मला जे येतं, ते मला शिकवायचंय. बायका येतील, गाडीवर बसतील, मी सांगेन आणि त्या चालवतील. ही नोकरी मला हवी म्हणजे हवी.

सासू : रडू नकोस. पॅड बदलायला तुला येतात का?

सून : तोंडी परीक्षेसाठी सगळं पाठ केलंय. झोपेतून उठवून विचारा. पण या हातांनी एक बोल्टही कधी काढला नाही.

सासू : आणि माझी सगळी हयात मशीन खोलण्यात गेली, पण तुझ्या पुस्तकातलं मला अक्षर माहीत नाही. ऊठ. तू बोलत जा, मी खोलत जाते. पाने कुठायत?

सून : तुम्ही?

सासू : बिघडवलं कोणी? थांब, आधी हे काळं अस्तर पसरते. आणि तो खडू दे.

सून : खडू कशाला आता?

सासू : निघेल ती वस्तू या कापडावर ठेवायची आणि तिच्याभोवती रेघ मारायची. जोडताना एकेक उचलायची. सगळ्या चौकटी रिकाम्या झाल्या की मशीन पुरं झालं. एखादी भरलेली दिसली तर काहीतरी राहिलं.

सून : आई, घाई आहे हो!

सासू : घाईतच स्क्रू उरतात. बोल, कुठून सुरू?

सून : आधी हँडलवरच्या त्या डबीचं झाकण काढायचं. आतलं ब्रेक ऑइल टाकीवर सांडू नका, रंग जातो. आता खाली, चाकापाशी. तो ठोकळा दिसतोय ना, त्याचे बोल्ट काढा. त्यालाच कॅलिपर म्हणतात. पॅड त्याच्या पोटात असतात.

सासू : हा बोल्ट हट्टी आहे. माझ्या नवऱ्यासारखा. निघाला! मार रेघ.

सून : मारली. आता ती बारकी क्लिप काढा, मग आडवी पिन ओढा. पॅड आपोआप सुटतील.

सासू : हे पॅड? अगं, नवा पॅड कोटाच्या कॉलरएवढा जाड आहे आणि हा पार मलमल झालाय. पण एक सांगू? दोन्ही सारखे झिजलेले नाहीत. बाहेरचा अजून बरा आहे, आतला संपलाय.

सून : काय? बघू. अहो, खरंच की! हे पान मी वाचलंय! एकच जास्त झिजला, म्हणजे कॅलिपर ज्या पिनांवर इकडेतिकडे सरकतो त्या अडकल्यात.

सासू : कोरड्या ठणठणीत आहेत. हे मला कळतं. मशीनचा दांडा असाच धरतो. इथे तेल चालेल, की इथेही गुन्हा?

सून : इथे चालतं. पण तुमचं नाही, घट्ट ग्रीस. पाकिटात पुडी आलीय बघा. नखावर मावेल एवढंच.

सासू : लावलं. आता कशी सुळसुळ सरकतेय बघ.

सून : आता तबकडी. तुमच्या तेलाचा मागमूस राहता कामा नये.

सासू : डाग काढायचं स्पिरिट आहे माझ्याकडे. आणि कोरं कापड कापते, वापरलेलं नको, त्याला हाताचं तेल असतं. तू पुसत राहा. कापड पांढरं निघेपर्यंत मी तुला उठू देणार नाही.

सून : निघालं आई, पांढरं निघालं.

सासू : अजून एकदा.

सून : बरं. आता पॅडना मागून रेटणारे ते पिस्टन आत ढकलायचेत, नाहीतर नवे जाड पॅड मावणार नाहीत. जुना पॅड आडवा धरून दाबा. हळू. स्क्रूड्रायव्हर घालू नका.

सासू : गेले आत. वरच्या डबीत बघ, काठोकाठ आलं का?

सून : आलं, पण सांडलं नाही. झाकण लावते. पॅड बसवा. पिन. आता कॅलिपर जागेवर. बोल्ट घट्ट करा आई, अगदी घट्ट. झालं! किल्ली द्या, मी निघते.

सासू : कुठे निघालीस? ही चौकट भरलेली आहे.

सून : कुठली?

सासू : ही, कोपऱ्यातली. बारकी क्लिप.

सून : आई.

सासू : का गं, एवढी पांढरी का पडलीस?

सून : ती पॅडची पिन धरून ठेवते. ती नसती तर पिन कुठेतरी रस्त्यात निसटली असती. मग पॅड. आणि मी तशीच निघाले होते हो.

सासू : निघाली नाहीस ना? मग झालं. बस खाली, लाव क्लिप. आता बघ कापडाकडे.

सून : सगळ्या चौकटी रिकाम्या. आता ब्रेक दाबून बघते. आई! अहो, दांडी मुठीला टेकतेय! काहीच लागत नाही. संपलं, मी सगळं बिघडवून ठेवलं!

सासू : ओरडू नकोस. पुस्तकात काय लिहिलंय?

सून : मला काही आठवत नाहीये!

सासू : झोपेतून उठवून विचारा म्हणाली होतीस. आता तर जागी आहेस. पिस्टन आत ढकलले, पुढे?

सून : आत ढकलले, म्हणून ते पॅडपासून लांब गेलेत. गाडी हलवण्याआधी दांडी दाबत राहायची, ते परत पुढे येईपर्यंत.

सासू : मग दाब की.

सून : दाबतेय. थोडी आली. आली आई! घट्ट झाली! दगडासारखी!

सासू : बघू? शाब्बास! पोरी, जमलं गं आपल्याला!

सून : अजून नाही जमलं. नवे पॅड तबकडीवर बसावे लागतात. मागच्या मोकळ्या रस्त्यावर हळू जायचं, हळू थांबायचं, परत परत. एकदम करकचून दाबायचं नाही.

सासू : नव्या चपलेसारखं. जा, पण शेजारणीला बरोबर घे. तीच तर मागे बसणार आहे ना परीक्षेत?

सून : तिनं कुंड्या पाहिल्या आणि नाही म्हणाली.

सासू : आणि मागे माणूस नसेल तर?

सून : तर परीक्षाच घेत नाहीत.

सासू : हं. मी जे मशीन चालवते ना, ते जागचं हलत नाही म्हणून मला आवडतं. तुझ्या लग्नापासून या गाडीवर मी एकदाही बसलेली नाही.

सून : माहितेय आई. मी तुम्हाला म्हणणारच नव्हते.

सासू : तू कशाला म्हणशील? मीच म्हणतेय. ते बोल्ट मी आवळलेत. त्यांच्यावर मीच बसले नाही तर दुसरं कोण बसेल? पण जवळच्या रस्त्यानं ने. आणि येताना मी चालत येणार, आधीच सांगून ठेवते.

(दुपार. गाडी शिकवणाऱ्या संस्थेचं मोकळं मैदान. जमिनीवर फक्कीची एक पांढरी रेघ.)

परीक्षक : ती रेघ पाहून ठेवा. त्या ड्रमपासून वेगात यायचं. मी निशाण खाली केलं की ब्रेक. पुढचं चाक रेघेच्या अलीकडे हवं. चाक घसरलं, नापास. थांबण्याआधी पाय टेकला, नापास. रेघ ओलांडली तर विचारूच नका. मागे कोण आहे?

सून : सासूबाई.

परीक्षक : सासूबाई? लोक मैत्रिणींना आणतात.

सासू : मैत्रीण कुंड्या बघून पळाली.

परीक्षक : काय?

सून : काही नाही मॅडम.

परीक्षक : पॅड नवे दिसतात. कोणी बसवले?

सून : आम्ही दोघींनी. आज.

परीक्षक : आज? उतरा दोघी. मी तपासल्याशिवाय ही गाडी हलणार नाही.

सासू : तपासा की. खुशाल तपासा.

परीक्षक : चाक मोकळं फिरतंय. दांडी घट्ट. बोल्ट ठीक. क्लिपही आहे. घरी पॅड बदलणारे हीच विसरून येतात.

सासू : आम्हीही विसरलो होतो. खडूनं आठवण करून दिली.

परीक्षक : तुमचं बोलणं मला कळत नाही, पण काम चोख आहे. बसा.

सून : आई, कमरेला धरा. गळ्याला नाही.

सासू : कमर कुठली आणि गळा कुठला, मला दिसत नाहीये. मी डोळे मिटलेत.

सून : निघाले हां.

सासू : अगं! अगं, एवढ्या जोरात? इथे येताना एवढ्या जोरात नव्हतीस! पोरी, माझे बोल्ट!

सून : तुमचे बोल्ट घट्ट आहेत! निशाण!

सासू : झालं का?

सून : आई, डोळे उघडा.

सासू : आधी थांबव तरी.

सून : थांबलोय.

सासू : कधी?

सून : केव्हाच.

सासू : मला कळलंसुद्धा नाही गं.

परीक्षक : हलू नका कोणी. बघू दे. चाक अलीकडे आहे. रेघेत आणि चाकात बोटभर जागा.

सासू : शिवणीला सोडतो तेवढी.

परीक्षक : घसरल्याची खूण नाही. आज इथे कोणी एवढं जवळ येऊन थांबलेलं नाही. एक तोंडी प्रश्न. शिकायला आलेली बाई म्हणाली, ब्रेक करकरतोय, तर काय सांगाल?

सून : सांगेन, तो काहीतरी म्हणतोय, आधी उघडून बघ. तेल घालू नकोस.

सासू : हा टोमणा मला होता.

परीक्षक : सोमवारपासून या. शिकवायला.

सासू : म्हणजे पास? अहो, नीट सांगा, पास ना?

परीक्षक : पास, सासूबाई. तुम्हीही.

सासू : अगं पास झालीस! माझी सून मास्तरीण झाली! सकाळपासून छातीवर धोंडा घेऊन फिरतेय मी. वाटत होतं, या पोरीचं सोन्यासारखं काम माझ्या तेलात बुडालं.

सून : तुमच्या रेघा नसत्या तर ती क्लिप अजून घरात कापडावर पडली असती. आणि मी कुठे असते कोण जाणे. आई, रडताय काय? हसा की!

सासू : दोन्ही एकदम येतंय, त्याला मी काय करू? पूस डोळे, तुझेही.

सून : चला. मी गाडी ढकलत आणते तुमच्याबरोबर.

सासू : ढकलत कशाला?

सून : तुम्ही चालत येणार होतात ना?

सासू : हो, म्हणाले होते. सरक पुढे, नीट बसू दे मला. आणि ऐक, लांबच्या रस्त्यानं घे.