धोंडीराम यांच्या घरची सरकी

मदिनाबी इमामसाब नदाफ, वय ५१ वर्षे, धंदा शेळीपालन, रा. मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर.

समक्ष विचारल्यावरून पुरवणी जबाब देते की, मी वरील ठिकाणी पती इमामसाब यांच्यासह राहते. दरवर्षी आम्ही बकरी ईदसाठी बोकड वाढवतो. पुढच्या ईदसाठी नुकतीच दूध तुटलेली चार करडे होती. त्यांतली दोन गेल्या महिन्यात धापा टाकत, तोंडाला फेस येऊन मेली.

शेजारी धोंडीराम माने यांच्या तुरीत करडे शिरत. ते म्हणाले होते, "परत आली तर जित्ती न्हाय सोडणार." म्हणून त्यांनीच फवारणीचे औषध घातले, अशी तक्रार मी दिली. पोलिसांनी त्यांना आठवडी बाजारातून लोकांदेखत चौकशीला नेले.

आज तपासणीचा अहवाल मला वाचून दाखवला. करडांच्या पोटात कीटकनाशक नाही. आमच्या घरून नेलेल्या सरकीत मात्र गॉसिपॉल नावाचे विष पुष्कळ निघाले. जनावरांच्या डॉक्टर ऋतुजा मॅडम यांनी सांगितले की, हे विष कुणी मिसळलेले नाही, ते सरकीत मुळातच असते. म्हशीला ते बरेचसे पचते, कोवळ्या करडाच्या काळजाला झेपत नाही.

ती सरकी धोंडीराम यांच्याच घरची. त्यांच्या पत्नी गोजरबाई म्हशीला भिजवून घालतात, त्याने दुधाला लोणी चढते. करडे अंगाने भरावीत म्हणून मीच मागून आणली आणि रोज हाताने चारली. गोजरबाई म्हणाल्या होत्या, "न्या की, आमचीबी लेकरंच हायती ती." त्यांचा दोष नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. मला रडू आले नाही. काही वाटेनासेच झाले आहे.

धोंडीराम आता बाजाराला जात नाहीत. गोजरबाई दारात दिसतात, पण बोलत नाहीत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. "जिथनं नेलं तितंच सांगा की, मानूस निर्दोष हाय म्हणून," अशी विनंती मी केली. जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले, तशी पद्धत नाही. त्यावर मी म्हटले, "मग मी सांगते. येत्या बाजारी, समद्यांपुढं. इख माज्या हातानं गेलं, त्येंच्या न्हाय." हेही लिहा, असे मी सांगितले. साहेबांनी तेही लिहिले.

हा जबाब मला मराठीत व आमच्या बोलीत वाचून ऐकवला. मी सांगितले तसाच आहे. खाली माझा अंगठा.